बद्द वाजणारी मडकी

मडकी भाजायचा आवा उघडला की कुंभार एकेक मडकं हातात घेतो आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजलं ते बाजाराला, बद्द वाजलं ते बाजूला. बद्द वाजणाऱ्यांत दोन जाती. एक तडा गेलेलं. त्याचं खापरच व्हायचं. दुसरं आव्याच्या कडेला राहून आच कमी लागलेलं. ते फुटत नाही, पण पाणी भरलं की बाहेरून ओलं होतं, पाझरत राहतं, आणि कुणी विकत घेत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या परड्यात जी मडकी पुरली गेली ती या दुसऱ्या जातीची होती, असं मी पुढं कितीतरी वर्षं समजत होते.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. माणदेशाचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जमीन मुरमाड, माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी. घरटी एखादा माणूस गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर, परमुलखात असे. माझे वडील मद्रासकडे एका गलाईवाल्याच्या दुकानात होते. मनिऑर्डर कधी येई, कधी लांबे. घरी आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. रेशनला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. हे सगळं त्या पिढीच्या माणसांनी पुष्कळदा सांगितलं आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. हिरव्या भाजीबद्दल मात्र फारसं कुणी बोललेलं नाही. त्या साली आमच्या बाजारात भाजीचं पान दिसत नव्हतं. मिलोची भाकरी आणि कोरडी चटणी, दिवसामागून दिवस. धाकट्याच्या ओठांच्या कडा फाटल्या होत्या. तिखट लागलं की तो रडायचा आणि मग भाकरीही टाकायचा.

गावाच्या कडेला ओढ्याच्या काठी कुंभारवाडा होता. तिथं आक्का राहायची. चाकावर तिचा नवरा बसे. बाकीचं सगळं तिच्याकडे. तळ्यातला गाळ आणणं, चाळणं, त्यात लीद आणि राख मिसळून पायानं तुडवणं, चाकावरून उतरलेलं ओलं भांडं मांडीवर घेऊन आतून दगडाचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत त्याचं पोट फुगवायचं, मग गेरू द्यायचा, घोटायचं, आवा रचायचा. नवऱ्यानं आकार दिलेल्या मडक्याला पाणी धरायची किंवा सोडायची अक्कल तिच्या हातातून मिळत होती. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला फक्त तिच्या थापटण्याचा ताल आवडायचा आणि मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचे. ती कामात असली की तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगे. संतमंडळी जमली, मुक्ताबाईनं विचारलं की यातलं पक्कं कोण आणि कच्चं कोण, आणि गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव चिडले, तेवढे कच्चे ठरले. गोष्ट इथं संपवतात बहुतेक लोक. आक्का संपवायची नाही. "कच्चं म्हणून तर पुढं इसोबा खेचर भेटला त्येला," असं नामदेवांच्या गुरूंचं नाव घेऊन म्हणायची.

कुंभार बारा बलुतेदारांतला. वर्षभर मडकी द्यायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, असा व्यवहार. त्या साली खळंच पडलं नाही. म्हणजे आमच्यापेक्षा तिच्या घरात दाणा कमी होता. जनावरं छावणीला गेलेली, त्यामुळे शेण नाही, शेण नाही म्हणून गवऱ्या नाहीत, आणि गवऱ्यांशिवाय आवा पेटत नाही. एरवी महिन्या-पंधरवड्याला लागणारा तिचा आवा त्या उन्हाळ्यात क्वचित लागला.

अशा दिवसांत ती एका संध्याकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या परड्यात आली. पाटीत सहा मडकी होती. आई नुकतीच कामावरून आली होती.

"सूनबाई, ही परड्यात पुर," आक्का म्हणाली.

"आक्का, बलुतं कुठनं देऊ? खळंच न्हाई औंदा."

"बलुतं कशाचं? इकायची न्हाईतच ही. बद्द वाजत्यात. कोण घ्यायचं? तुझं ते लिंबाचं रोप मरायला लागलंय, त्येच्यासाठी आणली."

आईनं माहेरून आणलेलं कागदी लिंबाचं रोप परड्यात होतं. त्याला घालायला पाणी नव्हतं असं नाही, थोडं होतं. भांडी विसळलेलं, हात धुतलेलं. पण वरून ओतलेलं पाणी तापलेल्या मुरमावर पडलं की अर्धं उन्हानं जाई, उरलेलं मुळांच्या खाली निघून जाई. रोप होतं तिथंच राही.

आक्कानं खड्डा कसा घ्यायचा ते दाखवलं, नुसतं सांगितलं नाही. मडक्यापेक्षा चहूबाजूंनी वीतभर रुंद. निघालेल्या मुरमातले खडे वेचून काढले. राहिलेल्या मातीत जुनं शेणखत कालवलं. मडकं गळ्यापर्यंत पुरलं, गळा मातीच्या वर चार बोटं ठेवला म्हणजे वाहत आलेली माती आत पडत नाही. भोवतीची माती हातानं दाबत दाबत बसवली. यावर तिचा फार जोर होता. मातीनं मडक्याच्या पोटाला घट्ट चिकटून बसलं पाहिजे, मधे पोकळी राहिली तर पाणी बाहेर ओढलं जात नाही. मग पाणी भरलं, आणि वर खापराचं झाकण.

पाण्याबद्दलचे तिचे नियमही होते. साबणाचं नको. डाळ-तांदूळ धुतलेलं नको, मडक्याची छिद्रं त्यानं बुजतात. गढूळ असेल तर धोतराच्या फडक्यातून गाळून. आमच्या आडाचं पाणी तेव्हा मचूळ झालं होतं, पिताना तोंड वाकडं व्हायचं. आजीनं विचारलं, ह्या पाण्यानं झाड जळेल ना? आक्का म्हणाली, "न्हाई जळत. फकस्त मडकं तळाला जाऊ देऊ नका. निम्मं झालं की भरा."

सहातलं एक मडकं लिंबाला, एक शेवग्याच्या फांदीला, आणि चार मडक्यांभोवती आईनं दोडका, कारलं, दुधी आणि घेवडा टोकला. वेल मांडवावर चढले. भोवतीचा मुरूम कोरडाच दिसायचा, पांढराफटक, त्यात तण एक उगवत नसे, आणि मधूनच हा हिरवा वेल वर आलेला. शेजारच्या बायका येऊन झाकण उचलून आत पाहायच्या. पहिला दुधी आईनं चिरला तेव्हा त्याच्या साली, बिया काहीही टाकलं नाही. सालींची चटणी केली. धाकट्याच्या ओठांच्या कडा हळूहळू भरून आल्या. शेवग्याचा पाला मिलोच्या पिठात मळून आजी थालीपीठ लावायची. त्या उन्हाळ्यात आमच्या ताटात जे हिरवं होतं ते त्या मडक्यांतून आलेलं होतं. शेजारणी घेवडा मागून न्यायच्या, आई नाही म्हणायची नाही. कुंभारवाड्यात मात्र ती न मागता पाठवायची.

लिंबू तगलं. पुढं चार-पाच वर्षांनी ते धरायला लागलं. कागदी लिंबाला चैत्र-वैशाखात भाव असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत मडक्याच्या ओलीवर आमचं झाड फळ टिकवून धरायचं. आई बाजारात बसायची. त्या पैशातून माझी पुस्तकं, मग एस.टी.चा पास, मग डी.एड.ची फी. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. माझ्या शिक्षणाचा हिशेब मांडला तर त्यात वडिलांच्या मनिऑर्डरी आहेत, आईची खडी आहे आणि आक्काची मडकी आहेत. मी कुठलंही एक वगळू शकत नाही.

पहिल्या पगारातून मी आक्काला लुगडं नेलं. तिनं घेतलं, लगेच नेसली आणि मी निघताना माझ्या हातात नवा माठ ठेवला. तिच्या घरातून रिकाम्या हातानं कुणी परत गेलेलं मला आठवत नाही.

शाळा मिळाली ती मुरमाड माळावरची. दर पावसाळ्यात वृक्षारोपण व्हायचं, फोटो निघायचे, फाल्गुनात रोपं वाळलेली असायची. आवाराला कुंपण होतं, पाणी मात्र लांबून आणावं लागे. मी आक्काकडे गेले. तेव्हा ती थकली होती, चाक थांबलं होतं, पण तिच्या दिराचा मुलगा अजून काम करत होता. त्याच्याकडून मडकी घेऊन आम्ही कडुलिंब, चिंच आणि शेवगा लावला. मुलं आपापल्या पाण्याच्या बाटलीत उरलेलं पाणी सुटी झाली की आपल्या झाडाच्या मडक्यात ओतायची. परसबागेतला पालेभाजीचा वाफा आणि वेल शाळेतल्या दुपारच्या खिचडीला पुरू लागले. त्या आवारातली चिंच आता शाळेच्या छपराच्या वर गेली आहे.

शाळेतलं हे काम पाहून एका कृषी अधिकाऱ्यांनी मला काही लेख वाचायला दिले. त्यातून कळलं की हरियाणात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मोंडल यांनी पुरलेल्या मडक्यांवर प्रयोग करून १९७४ साली त्यावर लिहिलं होतं. म्हणजे आमच्या परड्यातले वेल आणि त्यांचा लेख जवळपास एकाच काळातले. खारट पाणी वरून दिलं तर पिकाला सोसत नाही, तेच मडक्यातून दिलं तर भाजीपाला येतो, हे त्यांनी मांडलं होतं. कारण मडक्याजवळची माती सतत ओली राहते, पाणी बाहेरच्या दिशेनं जात राहतं आणि क्षार मुळांपाशी न साचता ओलीच्या कडेला जाऊन बसतात. आमचा मचूळ आड आणि आक्काचं ते "न्हाई जळत" मला तिथं छापलेलं दिसलं.

त्याच लेखांत चीनचाही उल्लेख होता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची नावाच्या अधिकाऱ्यानं शेतीवर ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, पण पुढच्या लेखकांनी त्यातले उतारे घेतले म्हणून काही भाग वाचला. त्यात खरबुजासारख्या वेलफळांसाठी सांगितलं आहे की खड्ड्यात खत-माती भरून मधोमध मडकं पुरा, तोंड जमिनीच्या पातळीला ठेवा, भोवती चार बिया टोका, वर कौल झाका आणि पाणी कमी झालं की भरत राहा. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो मजकूर वाचताना मला एकच प्रश्न पडला. त्याला हे कुणी सांगितलं असेल? राजदरबारातल्या माणसाला हे आपोआप सुचत नाही. तिथल्या एखाद्या कुंभाराच्या घरातून आलं असणार. अर्धा जमिनीत पुरलेला रांजण वर्षानुवर्षं ज्याच्या अंगणात असतो त्याला दिसतं की उन्हाळ्यात सगळं करपलं तरी रांजणाच्या बुडाशी गवत हिरवं आहे. आक्काला मी विचारलं होतं, तुला हे कुठं शिकवलं. ती म्हणाली, माहेरी जतच्या बाजूला रांजणाजवळचा पुदिना बघितलेला.

हे चालतं कसं, ते आता मी मुलांना सांगू शकते. न झिलई दिलेल्या भाजक्या मातीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. माठातलं पाणी त्यांतूनच बाहेर येतं, वाऱ्यानं उडतं आणि माठ गार होतो. मडकं जमिनीत पुरलं की वाऱ्याच्या जागी कोरडी माती येते आणि ती पाणी ओढून घेते. माती ओली झाली की तिची ओढ कमी होते, पाझर मंदावतो. मुळांनी ती ओल प्यायली की माती पुन्हा ओढू लागते. उन्हाच्या दिवशी मडकं लवकर रिकामं होतं, ढगाळ दिवशी तेच पाणी पुरतं, आणि हे मोजायला कुणी बसलेलं नसतं. मुळं तर थेट मडक्याशीच जातात. शाळेतलं एक जुनं मडकं आम्ही उकरलं तेव्हा त्याच्या पोटाला बारीक पांढऱ्या मुळांची जाळी इतकी घट्ट बसली होती की माती झटकली तरी ती सुटेना.

सगळीकडे हे चालत नाही, तेही सांगायला हवं. एकरभर ज्वारीला किंवा उसाला मडकी कोण पुरणार आणि कोण भरणार? भेगाळणाऱ्या काळ्या मातीत ती तडकतात. जड पाण्यानं काही वर्षांत पोटावर क्षाराचा थर येतो, मग उकरून काथ्यानं घासावं लागतं, नाहीतर बदलावं लागतं. ठिबक सिंचनानं आमच्या तालुक्यातलं डाळिंब उभं राहिलं आणि टेंभू योजनेचं पाणी आल्यावर गावाचं रूप पालटलं, याचा मला आनंदच आहे. पण घरामागचं परडं, शाळेचं आवार, माळावरचं एकटं रोप, रस्त्याकडेला लावलेला वड, यांच्यापर्यंत ठिबकची नळी जात नाही. तिथं मडकंच जातं.

आमचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं तेव्हा परड्याचा कोपरा खोदावा लागला. लिंबाचं झाड तोवर म्हातारं होऊन वठलं होतं. त्याच्या बुडाशी आक्कानं स्वतःच्या हातानं पुरलेलं मडकं निघालं, गळ्याशी थोडं उडालेलं, बाकी धड. मी ते धुऊन तिच्या पुतण्याकडे घेऊन गेले. आक्का जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. तिची मुलं कराडकडे वीटभट्टीवर. पुतण्याही तेव्हा चाकावर पणत्या, संक्रांतीची सुगडं आणि नवरात्राचे घट एवढंच करायचा.

"बघ," मी म्हटलं, "आक्काचं बद्द मडकं. आच कमी लागली म्हणून टाकून दिलेलं."

त्यानं ते हातात घेतलं, आत हात घालून पोट चाचपलं, उडालेल्या कडेवरची माती नखानं खरवडून पाहिली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, हे टाकाऊ न्हाई. हे असंच केलंय."

त्यानं मला एकेक दाखवलं. मातीत लीद आणि राख नेहमीपेक्षा जास्त. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी छिद्रं राहतात. पिण्याच्या माठाला कुणी एवढी घालत नाही. तळ जाड ठेवलेला, म्हणजे सगळं पाणी खाली निघून जाऊ नये आणि पोटातून आडवं जावं. पोट खरबरीत सोडलेलं, घोटलेलं नाही, गेरू नाही. आणि गळा मात्र गेरू देऊन गुळगुळीत घोटलेला, कारण मातीच्या वर राहणाऱ्या गळ्यातून पाणी उन्हाला उडायला नको. आच कमी लागलेल्या मडक्याला असा वेगळा गळा असत नाही. ते बाकीच्यांसारखंच घडवलेलं असतं, फक्त भाजलं कमी जातं. मला मग आठवलं की ती सहाही मडकी एकाच मापाची होती. आव्यातून बिघडून निघालेली भांडी लहानमोठी असतात.

ज्या उन्हाळ्यात गवऱ्या मिळत नव्हत्या, त्या उन्हाळ्यात तिनं तळ्याच्या तळातून माती खोदून आणली, वेगळी कालवली, नवऱ्याला चाकावर बसवून सहा मडकी घडवून घेतली, विकाऊ माठांची आव्यातली जागा काढून ती भाजली, आणि आमच्या परड्यात येऊन सांगितलं की ही बद्द वाजतात, कोण घ्यायचं. तसं म्हटलं नसतं तर आईनं ती घेतली नसती. बलुतं द्यायला नसताना कुंभाराचं चांगलं भांडं घ्यायचं नाही, एवढा तिचा पीळ मला माहीत आहे.

आईला हे कळलं होतं का, ते विचारायला आई राहिली नाही. पण लिंबाला पहिलं फळ धरलं तेव्हा तिनं ते देवापुढं ठेवायच्या आधी पदरात घालून कुंभारवाड्यात नेलं होतं, आणि दर संक्रांतीला तिचं पहिलं वाण आक्काला असायचं. मला वाटतं तिनं ओळखलं होतं.

ऋण फेडायला आक्का नाही. पुतण्या आहे. त्याच्याकडून मी दर वर्षी झाडांची मडकी करून घेते, आक्काच्या त्या मडक्याबरहुकूम, आणि पिण्याच्या माठाचा भाव देते. लीद-राख कालवायची, गळा घोटायचा, तळ जाड ठेवायचा म्हणजे काम माठापेक्षा जास्तच आहे. ओळखीच्या शाळांनाही त्याच्याकडे पाठवते. मधे चाक विकायची भाषा करत होता, ती आता करत नाही.

तुम्ही या पावसाळ्यात अंगणात, शाळेत किंवा माळावर रोप लावणार असाल तर त्याच दिवशी शेजारी मडकं पुरा. फाल्गुनात आठवण होऊन उपयोग नसतो, तोवर मुळं तुटल्याशिवाय खड्डा घेता येत नाही. पाच-सात लिटरचं पुरे. तुमच्या गावात किंवा शहराच्या कडेला ज्या कुंभाराचं चाक अजून फिरतं आहे त्याच्याकडे ऐन उन्हाळ्याआधी जा आणि आगाऊ पैसे देऊन सांगून ठेवा: झाडासाठी हवंय, लीद-राख जास्तीची घाला, पोटाला गेरू नको, गळा घोटलेला हवा. तो जो भाव सांगेल तो द्या.